अस्वलाचं पान

मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहायचे ते काका एका रविवारी भर दुपारी भिलाईतल्या जुनवानीच्या चौकात एका मोकाट सांडासमोर स्टूल टाकून तासभर बसले होते. डोक्यावर कारखान्यातलं पिवळं हेल्मेट, मांडीवर रजिस्टर, मनगटाचं घड्याळ काढून रजिस्टरच्या कोपऱ्यावर ठेवलेलं. सांड रवंथ करत होता आणि काका लिहीत होते. पानठेल्यावरची पोरं आधी हसली, मग कंटाळून गेली. शेवटी एका पोलिसानं येऊन विचारलं, "अंकल, ये सांड आपका है क्या?"

काका मान वर न करता म्हणाले, "नहीं. अभी चालीस मिनट हुए हैं. बीस मिनट बाद बात करता हूँ."

मी भाजी घेऊन परत येत होते. ओळख दाखवावी की नाही, या विचारात मी पानठेल्याच्या मागं उभी राहिले. हे आता लिहितानासुद्धा लाज वाटते, कारण या माणसाचे माझ्यावर पुष्कळ उपकार आहेत. त्यांच्यासमोर हा शब्द काढायची सोय नव्हती. एकदा काढला तर म्हणाले, "उपकार-गिपकार काही नसते, पोरी. मी नियम पाळून राहिलो, तू मधात आली."

तो सगळा खटाटोप एका खेळासाठी होता. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतला एकेक माणूस होतात. कोणी शिपाई, कोणी चोर, कोणी मांत्रिक. आपला माणूस काय करतो ते तोंडानं सांगायचं, जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं. काकांचा मुलगा इंजिनिअरिंगला असताना सुट्टीत अशा खेळाचं एक जाड इंग्रजी पुस्तक घरी घेऊन आला होता. नोकरीसाठी परदेशी गेला तेव्हा ते कपाटावर ठेवून गेला. काकांनी ते मशीनचं मॅन्युअल वाचावं तसं लाल पेन्सिल घेऊन वाचलं. शिपाई ठीक. चोर ठीक. मांत्रिकात थोड्या दुरुस्त्या. ड्रुइडच्या पानावर पेन्सिल मोडली.

ड्रुइड म्हणजे जुन्या काळचा, परदेशातला, रानातला पुजारी. झाडापाल्याशी बोलतो आणि मनात आलं की जनावर होतो. लांडगा होतो, घार होतो, अस्वल होतो. काकांनी त्याला रानभगत असं नाव काढलं होतं, पण रागात असले की ते ड्रुइडच म्हणायचे आणि त्याच्यावर ते बहुतेक रागातच असायचे.

"जनावर होते म्हणते. कसं होते? अंगावरच्या कपड्याचं काय होते? हातातली काठी कुठे जाते? परत कोण आणते त्याले? एवढं जाड पुस्तक, अन् सेफ्टीचा एक शब्द नाही. हा माणूस पहिल्याच पाळीत मरते."

म्हणून ते स्वतःचा खेळ लिहीत होते. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर हिंदी. बाकी सगळी पात्रं लिहून झाली होती. ड्रुइड सहा वर्षं अडला होता.

काका चौतीस वर्षं कारखान्याच्या सेफ्टी खात्यात होते आणि निवृत्त झाले तरी खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. मी खोली पाहायला गेले तेव्हा त्यांनी मला खोली दाखवलीच नाही. विचारलं, "आग लागली तर कुठून पळशील?" मी दार दाखवलं. "दारातच लागली तर?" मी खिडकी दाखवली. खिडकीला गज होते. काकांनी एकेक गज हलवून पाहिला. दुसऱ्या दिवशी मी ट्रंक घेऊन आले तर एक मिस्तरी गज कापून त्यांना बिजागरी लावत होता.

मी कुरखेड्याकडची. दोन बस आणि एक गाडी बदलून भिलाईला आले तेव्हा माझ्याकडे आठवी पासचा दाखला होता. नववीच्या परीक्षेतला एक पेपरही दिलेला होता, पण एका पेपरचा दाखला कोणी देत नाही. जुनवानीतल्या एका कॉलेजात हाऊसकीपिंगला लागले. तिसरा मजला माझा. सहा वर्ग, एक लॅब आणि जिना. कॉलेजातल्या पोरांशी बोलायची वेळ आली की शिक्षण विचारतील या भीतीनं मी पुसायचं फडकं उगाच पिळत बसायची.

काकांच्या घरात पायरीच्या कडेला पिवळी पट्टी होती. कुकरची वाफ उतरेपर्यंत ओट्यापासून तीन फूट लांब उभं राहायचं, त्यासाठी फरशीवर खडूची रेघ होती. पाहुणा स्कूटरवरून निघाला की काका त्याच्या हेल्मेटचा पट्टा स्वतः ओढून बघायचे, मग तो पाहुणा व्याही का असेना. त्यांचं एक वाक्य होतं. "प्रत्येक नियमाखाली कोणाचं तरी बोट असते." म्हणजे कोणाचं तरी बोट तुटल्याशिवाय नियम लिहिला जात नाही.

काकू कणीक मळता मळता म्हणायच्या, "मंग आपल्या घरात एवढे नियम आहेत, बोटं कोणाची गेली?"

"म्हणूनच नाही गेली."

काकूंकडे मात्र एक हत्यार होतं. कारखान्यात कोणालाही, अगदी सगळ्यात खालच्या माणसालाही, धोका दिसला तर "काम थांबवा" म्हणायचा हक्क असतो, आणि म्हटलं की काम थांबतं, मग समोर साहेब असो की कोणी असो. काकांनी हा हक्क घरातही दिला होता. एका लग्नाच्या पंगतीत काका नवरीच्या मामाला गॅसच्या नळीची मुदत कुठं छापलेली असते हे समजावत होते. जिलबी संपली, मठ्ठा आला, नळी संपेना. काकू पलीकडून शांतपणे म्हणाल्या, "काम थांबवा." काकांचं तोंड उघडं होतं ते तसंच मिटलं. मामा आजही काकूंची आठवण काढत असतील.

तर त्यांच्या खेळात रूप पालटायचा पहिला नियम असा होता, की जे जनावर तुम्ही एक तास डोळ्यांनी पाहिलं नाही ते तुम्हाला होता येणार नाही. पाहायचं, रजिस्टरमध्ये लिहायचं, मगच व्हायचं. "पुस्तकात वाचून क्रेन चालवशील का? मंग पुस्तकात वाचून लांडगा कावून होतं?" हे ते ज्यांना विचारायचे ते खरोखरच क्रेन चालवायचे. जामुलला राहणारे, भंडाऱ्याकडचे, काकांच्याच वेळी निवृत्त झालेले. आम्ही त्यांना क्रेनवाले दादाच म्हणायचो. ते दर रविवारी शिपाई होऊन खेळायला यायचे, आणि काकांच्या हट्टापायी त्यांनी एक तास पाल पाहिली होती.

"साहेब, पाल एक तास हललीच नाही."

"मंग तसं लिहा."

"लिहिलं ना. पहिलं मिनिट, नाही हलली. दुसरं मिनिट, नाही हलली."

अशामुळं काकांच्या खेळातला रानभगत कुत्रा होऊ शकत होता, कावळा होऊ शकत होता, सांड आणि पालही. घनदाट जंगलातला, राजाच्या सैन्याशी लढणारा पुजारी वेळ आली की पाल व्हायचा. दादा हसून लोळायचे. काका हसायचे नाहीत. त्यांना अस्वल हवं होतं.

माझ्या खोलीचं दार त्यांच्या पडवीत उघडायचं आणि रविवारी टेबल तिथंच लागायचं. एका रविवारी मी कपडे वाळत घालत होते. काका दादांना अस्वलाचं पान वाचून दाखवत होते. त्यासाठी त्यांनी प्राणिसंग्रहालयात तीन रविवार काढले होते.

"अस्वल चार पावलं डावीकडे जाते. मान फिरवते. चार पावलं उजवीकडे येते. मान फिरवते. पुन्हा डावीकडे."

मला हसू आलं. दाबलं, पण आलं.

"कोण हसलं?"

"मी नाई."

"मंग भिंत हसली काय? इकडे ये."

मी ओल्या हातानं जाऊन उभी राहिले. वाटलं, आता खोली खाली करायला लागते.

"कावून हसली?"

"काका, ते अस्वल नाई होय. तो पिंजरा होय. पिंजरा चार पावलाचा असंल."

मग दादा म्हणाले, "गेले साहेब तुमचे तीन रविवार."

काकांनी लाल पेन्सिल घेतली आणि पूर्ण पानावर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात रेघ मारली. न रागावता, न सुस्कारा टाकता. मग मला म्हणाले, "तू पाह्यलं का?"

"हाव."

"किती वेळ?"

"मी अन् बाबा झाडावर होतो. ते खाली होतं. पहाटपासून ऊन तापेपर्यंत उतरूच देल्लं नाही त्यानं."

आता शिक्षण विचारतील म्हणून माझं उत्तर तयार होतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बस."

दोन रविवार मी सांगत होते आणि ते लिहीत होते. अस्वल वारूळ फोडून वाळवी ओढतं तेव्हा दुरून आवाज येतो, फुंकणीतून फुंकल्यासारखा, फक्त वारा उलटा. पिल्लं आईच्या पाठीवर केस धरून बसतात. मोहाची फुलं खाताना ते मान वर करत नाही. त्याला दिसतं कमी, पण नाक सगळं सांगतं. अचानक समोर आलात तर ते पळत नाही, उभं राहतं, आणि मग तोंडावर येतं. काका मधेच थांबवायचे. "अंदाजे नको. पाह्यलं ते सांग." मग मी डोळे मिटून पुन्हा त्या झाडावर चढायचे. बाबांचा हात माझ्या तोंडावर होता, हसू नये म्हणून. ते मी सांगितलं नाही. ते अस्वलाच्या पानावर कुठं लिहिणार?

पान दीड भरलं. काकांनी वाचून दाखवलं. माझंच बोलणं, पण नीट कपडे घालून समोर उभं राहिल्यासारखं. आयुष्यात मी बोललेलं कोणी लिहून घेतलं होतं ते पहिल्यांदा. मग त्यांनी पहिल्या नियमात भर घातली. एक तास पाहिलं असेल, किंवा पाहिलेल्या माणसानं लिहिलेलं पान वाचलं असेल, तर ते रूप घेता येईल. त्या रविवारपासून मीही खेळायला बसू लागले.

परत येण्याचा नियमही त्याच दिवसांत सुटला. कारखान्यात मशीनमध्ये हात घालण्याआधी माणूस तिच्या स्विचवर आपल्या नावाचा टॅग लटकवतो. तो टॅग लटकलेला असेपर्यंत मशीन कोणी चालू करायची नाही. काकांनी जुन्या पत्र्याचे टॅग कापले. रानभगत जनावर होताना आपला टॅग दुसऱ्या एका खेळाडूच्या हातात देणार. जनावर असेपर्यंत त्याला शब्द बोलता येणार नाही, आणि टॅगवाल्यानं हाक मारून टॅग परत दिला की तो माणूस होणार.

"अन् टॅगवाला विसरला तर?" दादांनी विचारलं.

तेव्हा मी आमच्याकडचं सांगितलं. पहाटे मोह वेचायला एकटं जात नाहीत. दोघं असले की एक जण मधून मधून हाळी देत राहतो. अस्वलाला आवाज आला की ते आपणच बाजूला होतं. हाळी थांबली की दोघंही एकमेकांच्या अंगावर जातात, माणूसही आणि अस्वलही.

काकांनी ते जसंच्या तसं घेतलं. टॅगवाल्यानं दर पाळीला हाळी द्यायची. तीन पाळ्या हाळी चुकली तर जनावर रानात निघून जातं आणि परत येत नाही. लिहून झाल्यावर ते माझ्याकडं पाहत म्हणाले, "याच्याखाली पण बोट असंल कोणाचं तरी." मी दोरीवरचे कपडे काढायला उठले.

मग ठरलं की पुस्तक छापायचं. काकांनी आधी परीक्षा ठेवली. माझ्याच कॉलेजात पोरा-पोरींचा असे खेळ खेळणारा एक गट होता. त्यांच्यापुढं सगळी पात्रं चालवून पाहायची. ड्रुइड पास झाला तर राहील. नापास झाला तर त्याची बारा पानं काढायची आणि बाकीचं छापायचं. "अर्धी मशीन मी चालू करून देत नाही." ते बोलले म्हणजे झालं. त्यांनी एकदा स्वतःच्या घराचा जिना पायऱ्या सारख्या नाहीत म्हणून तोडून परत बांधला होता.

बारा पानांत दीड माझं होतं.

"खेळ तू चालवायचा, गोष्ट तू सांगायची," काका म्हणाले.

"मी?"

"ज्यानं काम केलं त्यानं तपासायचं नसते. मी लिहिलं, मी नाही चालवणार. दादाले वाचताना झोप येते."

"काका, मी तिथं फरशी पुसते. ते पोरं मले वळखतात."

"मंग बरं आहे. नवीन माणसाची ओळख करून द्यायचा वेळ वाचला."

"अन् मले काही विचारलं तर? मी आठवी..."

"पोरी, पुस्तक छापलं की मी काय प्रत्येकाच्या घरी समजवायला जाणार? तुले समजलं तर सगळ्याईले समजते. तुले नाही समजलं तर चूक माझी."

मी महिनाभर ती पानं वाचली. जिना पुसताना एकेक पायरीला एकेक नियम म्हणायचे. रानभगताचे दहा दम. अस्वलाचे तीस दम. दम म्हणजे अंगातली ताकद, आणि आम्ही ती चिंचोक्यांनी मोजायचो. मार बसला की चिंचोका उचलायचा. अस्वलाचे तीस संपले की रूप गळून पडतं आणि माणूस आपल्या दहांवर परत येतो. सगळं पाठ झालं. भीती काही कमी झाली नाही, पण ठरवलं, की तरीही वाचायचं.

शनिवारी दुपारी कॉलेज सुटल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्याच एका वर्गात बसलो. चार पोरं, दोन पोरी. काकांनी आपली खुर्ची मागं नेऊन भिंतीकडं तोंड करून लावली. पोरांनी विचारलं तर म्हणाले, "मेरे चेहरे से जवाब पता चल जाएगा." आणि हेल्मेट मांडीवर घेऊन भिंतीकडं बघत बसले. म्हणजे मलाही त्यांचा चेहरा दिसणार नव्हता.

समोरच्या चश्मेवाल्या पोरानं मला निरखून पाहिलं. "आप थर्ड फ्लोर वाली दीदी हैं ना?"

"हाँ," मी म्हटलं. "ये मेरा ही फ्लोर है. आपका कौन-सा पात्र?"

त्यानं रानभगत घेतला. अस्वलाचं पान दोनदा वाचलं आणि म्हणाला, "ये मस्त लिखा है, भालू का." माझे कान गरम झाले.

पहिला तास छान गेला. पोरं जंगलात शिरली, राजाचे शिपाई आडवे आले. चश्मेवाला अस्वल झाला. त्याआधी टॅग देताना तो शेजारच्या पोरीच्या कानात काहीतरी बोलला होता. ती दर पाळीला हाळी देत होती, पण त्याला परत बोलवत नव्हती. अस्वल मार खात राहिलं. तीस चिंचोके संपले. तो माणूस होऊन परत आला, दहाच्या दहा दम जागेवर. म्हणाला, "मैं फिर से भालू." पुन्हा तीस. पुन्हा संपले. पुन्हा दहा. "फिर से भालू."

शिपाई झालेला पोरगा वैतागला. "तो हम लोग घर जाएँ? ये अकेला ही लड़ लेगा."

"रूल में लिखा है," चश्मेवाला म्हणाला. आणि लिहिलेलं होतंच.

दुसरी पोरगी म्हणाली, "ये क्लास ही हटा दो. बाकी गेम अच्छा है."

पडवीत आम्हाला हे कधी दिसलं नव्हतं. दादांच्या पालीला तीन दम, ती होऊन कोण मार खाणार? अस्वल फक्त मी व्हायचे, आणि मला त्याला लागलेलं पाहवत नव्हतं. दोन चिंचोके गेले की मी दादांना खूण करून माणसात परत यायचे. नियमातलं भोक माझ्यामुळंच झाकलेलं राहिलं होतं.

मी मागं पाहिलं. काकांची पाठ. हातात लाल पेन्सिल दिसत होती. त्यांनी रजिस्टर उघडलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "काम थांबवा."

पेन्सिल थांबली. पोरं माझ्याकडं पाहायला लागली, कारण ते मी मराठीत म्हटलं होतं.

मी चश्मेवाल्याला विचारलं, "आपके भालू को जो लगा, वो कहाँ गया?"

"भालू के साथ गया. गेम है दीदी."

आमच्याकडं हाळी द्यायचं काम माझं होतं. बाबा वेचायचे, मी हाळी द्यायचे. त्या दिवशी नववीचा पहिला पेपर होता म्हणून बाबा म्हणाले, तू जा, मी एकटा वेचतो. मी पेपर लिहून बाहेर आले तेव्हा शाळेच्या फाटकाशी गावातले लोक उभे होते. हे मी भिलाईत कोणाला सांगितलं नव्हतं. त्या पोरांनाही सगळं सांगितलं नाही. जेवढं लागत होतं तेवढं सांगितलं.

"मेरे बाबूजी को भालू ने पकड़ा था. एक आँख गई. जंगल से गाँव आए, गाँव से अस्पताल, अस्पताल से घर. सब जगह बदली, घाव वही रहा. शरीर तो एक ही है ना. आप भालू बनो, कौआ बनो, लगेगा तो आपको ही लगेगा."

शिपाई झालेल्या पोरानं हळूच विचारलं, "तो कितना लगेगा?"

मी टेबलावर चिंचोके मांडले. अस्वलाचे तीस, माणसाचे दहा. एक-दोन खाली पडले, ते टॅगवाल्या पोरीनं उचलून दिले. एकावर तीन बसत होते. "भालू के तीन जाएँगे तो आदमी का एक जाएगा. तीस गए तो दस गए. फिर आदमी भी नहीं बचेगा."

चश्मेवाल्यानं चिंचोके स्वतः मोजले. मग टॅगवाल्या पोरीकडं वळला. "सुन, अब बुलाना. टाइम पे बुलाना."

"अब याद आई मेरी?"

ती लढाई आम्ही पुन्हा सुरुवातीपासून खेळलो. पोरगी दर पाळीला हाळी देत होती आणि आता प्रत्येक हाळीला सगळे चिंचोके मोजत होते. शिपाई झालेल्या पोराला आपोआप काम आलं, कारण अस्वलाला झाकायला कोणीतरी लागत होतं. बारा चिंचोके उरले तेव्हा तिनं टॅग त्याच्या हातात कोंबला आणि त्याचं नाव घेऊन हाक मारली. तो चार दमांवर माणूस झाला. लंगडत. लंगडण्याचं मी सांगितलं नव्हतं, तो स्वतःच खुर्चीतून उठून लंगडून दाखवायला लागला.

खेळ संपल्यावर काकांनी खुर्ची वळवली. त्यांच्या पद्धतीप्रमाणे एकेकाला विचारलं, ठेवायचा की काढायचा. सहाच्या सहा जण ठेवायचा म्हणाले. चश्मेवाला म्हणाला, "रखिए अंकल. अब डर लगता है भालू बनने में. अच्छा है."

काकांनी त्याच्याकडं पाहून मान डोलावली आणि रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. उघडलेल्या पानावर त्यांनी लाल पेन्सिलीनं "ड्रु" एवढंच लिहिलेलं होतं.

"लिही नियम."

"तुम्ही लिहा काका. माझं अक्षर..."

"मले वाचता येते. लिही."

मी लिहिला. चार ओळी. जो माणूस लग्नपत्रिकेतल्या चुकाही लाल पेन्सिलीनं दुरुस्त करून आहेरासोबत परत द्यायचा, त्यानं त्या चार ओळी वाचल्या आणि पेन्सिल खिशाला लावली. नियमाखाली दोन रकाने होते. एकात नाव लिहिलं. दुसऱ्यात पद होतं.

"पद काय लिहू?"

"आहे ते. खोटं पद लिहिलं तर नियम बाद."

पोरं भोवती उभी होती. मी लिहिलं, हाऊसकीपिंग, तिसरा मजला.

काका आणि काकू आता नागपूरला मुलीकडं असतात. मी अजून भिलाईतच आहे. पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत काकांनी मला दिली. मी माझं नाव आधी मागं शोधलं, मग पुढं. अस्वलाच्या पानाखाली ते पदासकट तसंच छापलेलं होतं, डाव्या पानावर मराठीत आणि उजव्या पानावर हिंदीत.